शनिवारी न तळलेली अंडी

दिवाळी आमची नाही, पण दिवाळी अंक आमचा आहे. माझगावला आमच्या घरी कंदील लागत नसे, फराळ शेजारून येत असे, पण वडील अंक मात्र न चुकता विकत आणत, आणि तो आधी कोणी वाचायचा यावरून आई आणि आत्यामध्ये दरवर्षी चार दिवस अबोला असे. त्यामुळे लंडनच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या निखिलने फोन करून "काकू, तुमच्या त्या एग्जबद्दल काहीतरी लिहा ना, प्लीज" असं म्हटलं तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. त्याला बहुधा पाककृती हवी होती. ती ओघात येईलच. पण अंडी म्हटली की मला आधी एक शनिवार आठवतो. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही एकही अंडं तळलं नव्हतं. पाककृतीत हे कुठे बसवायचं, मला कळत नाही.

माझं नाव हन्ना. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवत, तेव्हा गावाने आमचं नाव शनिवार तेली ठेवलं. लंडनमध्ये आम्ही मूठभर आहोत, आणि आमच्या मुलांची मराठी "आई, भूक लागला" एवढ्यावर येऊन ठेपली आहे. ईलिंगमध्ये मी बरीच वर्षं एका शाळेत डिनर लेडी होते. मुलांच्या ताटात उकडलेले मटार वाढायचे आणि ती ते टाकून देताना बघायचं, असं ते काम. पुढे शाळेने स्वयंपाकघर बंद करून बाहेरून जेवण मागवायला सुरुवात केली आणि मी घरी बसले. घरी बसण्याचा मला इतका कंटाळा आला की सकाळी नवरा कामावर गेला की मीही कोट चढवून उगाच रस्त्याने फिरायची.

अशीच एका सकाळी धुक्यातून चालले होते. स्टेशनच्या मागच्या गल्लीत गरम तेलात अंडं पडल्याचा वास आला. त्याच्या मागे मागे गेले तर एक छोटं खाणावळवजा दुकान, काचा आतून वाफेने पांढऱ्या झालेल्या. आत सहा-सात टेबलं, आणि मागे एक बुटकी व्हिएतनामी बाई एकाच वेळी चार तवे सांभाळत होती. मी काळा चहा घेतला आणि तिच्या हातांकडे बघत बसले. चहा निवला तरी मला भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. मग ती म्हणाली, "नुसतं बघायचंच असेल तर आत येऊन बघ. इकडे माणूस हवंय."

मी माझ्या अटी सांगितल्या. डुकराचं मांस असलेल्या कशालाही हात लावणार नाही. माझे तवे वेगळे राहतील. आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मी घरी जाणार, ती रविवारी सकाळीच उगवणार. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूर्य? कुठला सूर्य?" लंडनमध्ये हा प्रश्न अगदी रास्त होता. पण तिने मान्य केलं. शनिवारी माझं काम ती स्वतः करणार असं ठरलं.

तिचं नाव लियेन. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं, तुझं वय काय? मला जरा रागच आला. मग कळलं, व्हिएतनामी माणसाला समोरच्याचं वय कळल्याशिवाय बोलताच येत नाही. 'तू' आणि 'मी' असे कोरडे शब्द ते वापरतच नाहीत. थोरली असेल तर चि, म्हणजे ताई. धाकटी असेल तर एम. लियेन माझ्याहून थोडी मोठी निघाली, म्हणून ती माझी चि आणि मी तिची एम. मराठी माणसाला यात नवल वाटू नये, आपणही रिक्षावाल्याला दादा म्हणतो. बाकी आमचा व्यवहार इंग्रजीत चाले. तिचं इंग्रजी मोडकं होतं आणि माझंही मोडकंच, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळे दोघींचं मिळून एक धड इंग्रजी होत असे.

आता पदार्थ. त्याचं नाव बान मी ऑप ला. फ्रेंच लोक तिकडे राज्य करत होते तेव्हा अंडं आणि पाव त्यांनी दिला आणि बाकी सगळं व्हिएतनामी लोकांनी सुधारून घेतलं. मुंबईकराला सांगायचं तर हाफ फ्राय आणि पाव, पण तेवढ्यावर थांबलात तर लियेन तुम्हाला दुकानाबाहेर काढेल. एकेका गिऱ्हाइकाला एकेक छोटा बिडाचा तवा. तो आधी रिकामाच तापवायचा, मग तेल, आणि तेलाला धूर सुटायच्या जरा आधी, म्हणजे ते नुसतं लवलवायला लागतं तेव्हा, दोन अंडी. फ्रिजमधली गार अंडी चालत नाहीत, ती सकाळीच बाहेर काढून ठेवायची. अंडं पडल्याबरोबर कडा फुलून वर येतात आणि घावनाला पडते तशी जाळी पडते. मग तवा तिरका करून कडेचं गरम तेल चमच्याने पांढऱ्यावर सोडायचं, पिवळ्यावर नाही. वर कांद्याच्या चकत्या, मिरपूड, काळा खारट सॉस दोन थेंब. आणि अंडं झालं असं वाटायच्या आधीच खाली उतरवायचं, कारण बीड तापलेलं असतं, टेबलापर्यंत जाताना ते स्वतःच उरलेलं काम करतं. शेजारी काकडी, कोथिंबीर, गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, लाल मिरची. आणि पाव. तो लांबोडका, आतून नुसती हवा आणि वरून पापुद्रा. पाण्याचा हात लावून भट्टीत गरम केला की बोट लावताच कडकडतो. तो कापायचा नाही, हाताने तोडायचा आणि पिवळ्यात बुडवायचा. सॉसेज आणि मांसाचा लगदा ज्यांना हवा असे त्यांना तो लियेन तिच्या बाजूने वेगळ्या बशीत देई.

यातलं एक मी मात्र माझ्या पद्धतीने केलं. आमच्यात अंडं सरळ तव्यात फोडत नाहीत. आधी काचेच्या पेल्यात फोडायचं, उजेडात बघायचं, आत रक्ताचा लाल ठिपका असेल तर ते टाकून द्यायचं. आई करायची, आजी करायची, मी करते. लियेन एका हाताने दोन अंडी फोडून तव्यात सोडायची, तीही गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. माझा पेला बघून तिच्या जिवाची उलघाल व्हायची. ती म्हणाली, गिऱ्हाइकं काही ज्यू नाहीत. मी म्हटलं, गिऱ्हाइकं नसतील, माझे हात आहेत. आठवडाभर ती माझ्याकडे पाठ करून काम करत होती. मग तिच्या लक्षात आलं की पेल्यातून घरंगळत आलेल्या अंड्याचं पिवळं फुटत नाही आणि बरोबर मधोमध बसतं. एके सकाळी माझ्या ओट्यावर आणखी एक पेला येऊन बसला होता.

त्या सकाळी आता मला अर्धवट झोपेत बघितल्यासारख्या आठवतात. बाहेर अजून उजाडलेलं नसायचं. तव्यांच्या खालची निळी ज्योत आणि काचेवर ओघळणारी वाफ एवढंच दिसायचं, आणि त्या वाफेपलीकडून माणसं आधी नुसत्या सावल्या म्हणून यायची, दार उघडलं की त्यांना चेहरे यायचे. एकामागून एक अंडी पेल्यात उतरायची, तव्यात जायची, मी तवा तिरका करायची, सरळ करायची. कधीकधी वाटायचं, मी ईलिंगमध्ये नाहीच, कुठल्यातरी बंदरावर उभी आहे आणि या सगळ्यांना बोटीवर चढण्याआधी खाऊ घालायचं काम माझ्याकडे आहे. लियेन व्हिएतनाममधून बोटीतूनच निसटून आली होती, तरुणपणी, नवऱ्याबरोबर. त्याबद्दल ती कधी बोलत नसे आणि मी विचारलं नाही. पण एखादे वेळी हात थांबवून ती काचेकडे बघत राहायची, तेव्हा मला वाटायचं, तिलाही तेच बंदर दिसतंय.

गिऱ्हाइकांत एक आर्थर नावाचे म्हातारे होते. काठी टेकत यायचे. त्यांना पिवळं पूर्ण कडक हवं असे, आणि सोबत बेक्ड बीन्स. लियेन दुकानदार म्हणून नम्र होती, पण बीन्सचं नाव काढलं की तिला ऐकू येणं बंद व्हायचं. हे कितीतरी महिने चाललं. शेवटी त्यांच्या वाढदिवसाला तिने एका इवल्याशा वाटीत बीन्स दिल्या, त्यावर भरपूर मिरची घालून. ते डोळ्यांतून पाणी काढत काढत सगळ्या संपवून म्हणाले, व्हेरी नाइस, आणि पुन्हा कधी मागितल्या नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हाच अंकवाला निखिल. वॉटफर्डला राहायचा, कामासाठी या बाजूला यायचा, पुण्याचा. एकदा एक पिवळं फुटायला आलं तेव्हा मी सवयीने तव्यालाच म्हटलं, "थांब गं बये, घाई काय आहे तुला." काउंटरपलीकडचा हा मुलगा काटा हातात धरून तसाच राहिला. म्हणाला, "एक्सक्यूज मी, तुम्ही मराठी आहात? आय मीन, इथे?" मी म्हटलं, हो, आणि तुझं अंडं गार होतंय. मग तो दर गुरुवारी येऊ लागला. घरी अंडं चालत नाही म्हणून पुण्याला आईशी बोलताना तो 'ब्रेकफास्टला ब्रेड खाल्ला' एवढंच सांगायचा. खोटं बोलत नाही काकू, ब्रेड असतोच की, असं त्याचं म्हणणं.

आता त्या शनिवाराकडे येते.

मी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षी लियेनचा नवरा गेला होता. इथल्याच हॉस्पिटलात बरेच दिवस होता. त्यांना एकच मुलगी, थाओ. ती लीड्सला मोठ्या हॉस्पिटलात नर्स. वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा ती रजा घेऊन त्यांच्या उशाशी बसलेली होती. तिने सकाळी दुकानात फोन केला, आई, ताबडतोब ये. सकाळची गर्दी होती. लियेनने उत्तर दिलं, समोर ऑर्डरी आहेत, तेवढ्या देऊन येते. ती पोचली तेव्हा तो गेलेला होता. अंत्यविधीनंतर थाओ लीड्सला गेली ती आईच्या दुकानात पुन्हा आली नाही. फोन करायची, पैसे हवेत का, औषधं घेतेस का, एवढं विचारायची आणि ठेवून द्यायची. हे मला लियेनने सांगितलं नाही, टेबलांवर वाढणाऱ्या कासियाने सांगितलं. तेव्हा पोलंडची माणसं नुकतीच ईलिंगमध्ये मोठ्या संख्येने यायला लागली होती आणि कासियाला सगळ्या गल्लीची बित्तंबातमी असे.

माझ्या दुसऱ्या डिसेंबरात एक दिवस लियेन माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. थाओ येणार होती. शनिवारी दुपारी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत. तिला दुसरी सुट्टी नव्हती. लियेनला तिच्यासमोर बसायचं होतं. तव्याकडे तोंड आणि मुलीकडे पाठ, असं यावेळी तिला नको होतं. शनिवारी दुकान भरलेलं असतं, कासियाला अंडी जमत नाहीत, तेव्हा त्या एका दिवशी तवे मी सांभाळावेत.

मी नाही म्हटलं. शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही. माझगावात नाही, लंडनमध्ये नाही, आजारपणात आईने दुसऱ्याकडून चहा करून घेतला पण स्वतः काडी ओढली नाही.

"तुझ्या देवाला एक दुपार दिसणार नाही," लियेन म्हणाली.

"त्याचं मला माहीत नाही, चि. मला दिसेल."

ती वळून निघून गेली. मग दोन दिवस आमच्यात फक्त तवे बोलत होते, आणि तेही जोरात. मी घरी जाऊन नवऱ्याला, शाऊलला, विचारलं की माझं चुकतंय का. तो म्हणाला, चुकत नाही, पण बरोबर असण्याचा तुला आनंद होताना दिसत नाही. तो खरं बोलत होता. त्या बाईचं आयुष्यात एकच मागणं माझ्यापाशी आलं होतं, आणि माझे हात ते करू शकत असूनही करणार नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शुक्रवारी डिसेंबरातला सूर्य चारच्या आतच बुडतो, म्हणून मी जेवणाची गर्दी सरताच माझे तवे पुसून निघायच्या तयारीत होते. लियेन आली आणि दाराशी ठेवलेल्या पावांच्या टोपलीवर हात ठेवून उभी राहिली.

"शनिवारी तू दिवसभर काय करतेस?"

मी म्हटलं, सकाळी प्रार्थनेला जाते. आदल्या दिवशीचं गार खातो. मग बसते.

"बसून काय करतेस?"

"काही नाही. बसते. कोणी आलं तर त्यांच्याशी बोलते."

"आणि हात?"

हा प्रश्न मला कोणी आधी विचारला नव्हता. मी म्हटलं, पहिल्यांदा हात उगाच इकडेतिकडे जातात. दुपारपर्यंत त्यांना कळतं की आज काम नाही.

तिने माझ्या पुसलेल्या तव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या तू ये. विस्तव लावू नकोस. मीही लावणार नाही. नुसती माझ्याजवळ बस, नाहीतर मी उठेन."

शनिवारी प्रार्थनेनंतर मी चालतच तिकडे गेले. शाऊलने भुवया वर केल्या, पण मी म्हटलं, दुकानात जात नाहीये, एकीच्या घरी बसायला जातेय. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत दिवे नव्हते. काचांवर वाफ नव्हती. त्या काचा स्वच्छ असतात हे मला ठाऊकच नव्हतं, पलीकडचं झाड, रस्ता, माणसं, सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की जागा चुकलेय असं वाटलं. लियेन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली होती, चांगला निळा स्वेटर घालून, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून. मी शेजारी बसले.

बाहेर माणसं येत होती. दार ढकलत, काचेला नाक लावून आत बघत आणि निघून जात. प्रत्येक वेळी तिचं अंग खुर्चीतून वर व्हायचं. आर्थर आले तेव्हा त्यांनी काठीने काच वाजवली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. ती म्हणाली, म्हातारा उपाशी राहील. मी म्हटलं, आज बीन्स खाईल. ती हसली नाही, पण बसून राहिली.

थाओ आली ती धावतच आली. तिने रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं असणार, खाली ओढलेलं शटर, आतला अंधार. शटरखालून वाकून ती आत घुसली, बॅग जमिनीवर टाकली आणि आईसमोर गुडघ्यांवर बसून तिची नाडी धरली. काय झालं, पडलीस का, छातीत दुखतंय का, असं सगळं एका दमात. मुलगी लीड्सच्या गाडीतून उतरली होती आणि नर्स दुकानात शिरली होती. त्या दुकानाचं शटर शनिवारी खाली असेल तर त्याचा दुसरा अर्थ तिला सुचलाच नाही.

"काही झालं नाही," लियेन म्हणाली. "तू येणार होतीस."

थाओने मनगट सोडलं नाही. तिने एकदा गार शेगडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग तिला रडू फुटलं.

दुपार फार हळू गेली. लियेनने वरच्या मजल्यावरच्या घरून फ्लास्कमध्ये चहा आणला होता, पाव होते, काकडी होती, संत्री होती. आम्ही गार खात बसलो. थाओला ऑप लाची आशा होती, लहानपणापासून ती इथे आली की तेच खायची. मला फार संकोच वाटला. मी तिला माझ्या शनिवाराचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सरतो, मग मी तुला हवी तेवढी अंडी करून देईन. ती म्हणाली, पण मला पाचच्या आधी निघायला हवं, गाडी आहे. डिसेंबर आहे, मी म्हटलं, अंधार लवकर पडेल. तेव्हा ती कोट काढून नीट बसली.

चार वाजून गेले तशी दुकानात सावली भरली. मी लियेनला म्हटलं, दिवा लाव, तुला चालतं. ती म्हणाली, राहू दे. बाहेरचे नारिंगी दिवे लागले आणि त्यांचा थोडा उजेड टेबलावर आला. आमचे चेहरे आता कोणालाच नीट दिसत नव्हते, आणि त्यामुळेच असेल, थाओ बोलायला लागली. तिची व्हिएतनामी लहान मुलीची होती, अवघड बोलायचं झालं की ती इंग्रजीवर येई, म्हणून मला कळत होतं. ती म्हणाली, त्या दिवशी तू म्हणालीस, ऑर्डरी देऊन येते. डॅड दाराकडे बघत होते. मी त्यांना सांगत होते, येतेय, आत्ता येतेय.

मला वाटलं, आता उठून जावं. पण लियेनचा हात माझ्या हाताखाली होता.

लियेन बोलली तीही इंग्रजीतच. मला वाटतं, तिला ते मीही ऐकायला हवं होतं. "तुझा फोन आला तेव्हा मला कळलं होतं. मी निघाले असते तर तो गेला असता. मी तळत होते तोवर तो होता. म्हणून मी तळत राहिले."

बाहेरून एक बस गेली, तिचा उजेड छतावरून फिरून गेला. मग थाओने हात पुढे करून टेबलावर काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि आईचा दुसरा हात तिला सापडला. त्या दोघी त्यांच्या भाषेत बोलायला लागल्या, अगदी हळू, आणि ते मला समजलं नाही. मीही रडत होते, पण अंधार होता.

तारे बघायला मी फुटपाथवर गेले. आकाश ढगांनी गच्च. लंडनमध्ये आम्ही अशा वेळी घड्याळावर विश्वास ठेवतो, पण त्या दिवशी मी तशीच उभी राहिले, पुरता काळोख होईपर्यंत, आणि आणखी थोडी. पाच केव्हाच वाजून गेले होते. आतून लियेनने हाक मारली, मिळाला का तारा? थाओने घड्याळाकडे पाहिल्याचं मला काचेतून दिसलं. तिने कोट मात्र उचलला नाही.

शब्बाथ संपताना आम्ही सुगंधी पाल्याचा वास घेतो. कोकणातले आमचे लोक त्यासाठी सब्जा वापरतात. लियेनच्या भाजीच्या खोक्यात त्यांची जांभळ्या देठाची तुळस असायची, सब्जाचीच बहीण. मी एक डहाळी घेतली, प्रार्थनेच्या दोन ओळी म्हटल्या, वास घेतला आणि त्या दोघींकडे दिली. त्यांनीही घेतला, काही न विचारता. मग मी काडी ओढली. दिवसभराच्या अंधारानंतर ती निळी ज्योत अशी उमटली की मी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले.

तीन तवे ठेवले, त्यातला एक माझा, घरी खाईन असं न म्हणता पहिल्यांदाच तिथे बसून खाण्यासाठी. लियेन काटे आणायला उठली, थाओ म्हणाली, आई, बस. ती मिरची आणायला उठली, आई, बस. पाव भट्टीत आहे का बघायला उठली तेव्हा थाओने तिला खांदे धरून खुर्चीत बसवलं. मी तवे नेऊन ठेवले. इतक्या वर्षांत त्या बाईसमोर कोणी तवा आणून ठेवला नव्हता. तिने पाव तोडला, पिवळ्यात बुडवला, खाल्ला, डोळे मिटले. आम्ही दोघी वाट बघत होतो.

"कडा बऱ्या आहेत," ती म्हणाली. "सॉस जास्त."

थाओ हसत सुटली. हसता हसता तिची गाडी गेली. ती रविवारी सकाळी गेली, मी कामावर आले तेव्हा ती वरच्या खोलीतून केस विंचरत खाली उतरत होती.

पुढे महिन्यातला एक शनिवार दुकान बंद राहू लागलं. नवी गिऱ्हाइकं लियेनला विचारायची, तुम्ही ज्यू आहात का. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, नाही, तिच्यामुळे. आर्थर त्या शनिवारांबद्दल मरेपर्यंत कुरकुरत होते. आता ते दुकानही नाही, तिथे नखं रंगवून देतात, आणि मी त्या गल्लीतून जाणं टाळते. दुकान हातात घेतेस का असं लियेनने एकदा विचारलं होतं, माझ्याच्याने झालं नाही, आणि त्याची चुटपुट आहे.

बंद शनिवारी ती लीड्सला जायची, मुलीकडे. मला खात्री होती की तिथेही ही बाई तव्यापाशी उभी असणार. एकदा विचारलंच, तिकडे काय खाता?

"टोस्ट," ती म्हणाली. "थाओ करते. दर वेळी करपवते." मग टेबल पुसता पुसता थांबली. "मी बसून खाते."